परतीचं कलम

प्रिय मबरूका,

फोन करायचा सोडून हे काय चालवलंय, असं म्हणशील. पण फोनवर आपण दोघी काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. थंडी पडली का, गुडघा कसा आहे, तेलाचा डबा पोचला का. तुझा वजदी डोंगरावर गेला तेव्हापासून आपल्या बोलण्याला तिसरा कुणी कान लावून बसलाय असं धरून आपण इतकं हवापाणी बोललोय, की हवामान खात्याने आपल्याला नोकरी द्यायला हरकत नाही. आज मला खरं बोलायचंय आणि खरं बोलायला मला कागद लागतो. जन्म कचेरीत गेला, त्याची ही खोड.

आधी खुशाली. तुझी शेजारीण शाद्लिया आणि तिची सून मनूबिया माझ्याकडे बऱ्या आहेत. मनूबियाला इस्पितळात नवा पाय बसवला. पहिल्या दिवशी पोर रडली, दुसऱ्या दिवशी माझ्या दिवाणखान्यात भिंत धरून फिरली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मावशी, या पायाला बूट मात्र एकाच बाजूचा झिजणार.” मी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. शाद्लिया तशीच आहे. माझ्या हरीसाच्या चटणीत तिखट नाही, माझ्या कुसकुशीच्या रव्याला वाफ नाही, राजधानीतल्या माणसांना मुळात चवच नाही. रोज तीच ओरड आणि रोज दोनदा वाढून घेते.

मी वर्षभर काय करत होते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. दहशतवादाशी लढायचं देशाचं एक धोरण आहे, चांगलं जाडजूड. ते कितपत कामाला आलं हे तपासायला समिती नेमली. अध्यक्ष तिजानीसाहेब, निवृत्त न्यायाधीश. एक निवृत्त कर्नल, दोघे विद्यापीठातले, आणि मी, सांख्यिकी खात्यात जन्मभर बेरजा केलेली. पहिल्याच बैठकीत मी उभी राहिले आणि सांगून टाकलं, माझा सख्खा भाचा डोंगरावरच्या त्या बंदूकवाल्यांत गेलेला आहे. मला घ्यायचं नसेल तर आत्ताच सांगा, मी घरी जाऊन भाजी चिरते. तिजानीसाहेब चष्मा पुसत म्हणाले, “बसा हो बाई. आपण कशाबद्दल बोलतोय हे निदान एकाला तरी माहीत असू दे.” तेव्हापासून बसले ती बसलेच. आता उठायची ताकद उरलेली नाही.

थकले गं मी. कामाने नाही, त्या रंगांनी थकले. प्रत्येक गोष्टीला हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग द्यायचा. किती शिबिरं झाली? हिरवा. शाळांच्या भिंतींवर किती चित्रं रंगवली? हिरवा. तरुणांसाठी फुटबॉलचे किती सामने भरवले? हिरवागार. सामने झाले हे खोटं नाही. पण हरलेल्या संघातली पोरं नंतर कुठे गेली हे विचारायला रकानाच नव्हता. मी विचारलं, तर विद्यापीठवाले म्हणाले, “मॅडम, ते मोजता येत नाही.” जे मोजता येत नाही ते नसतंच, असा आमचा सगळा कारभार. उंटावर बसून शेळ्या हाकायच्या आणि शेळ्या ऐकत नाहीत म्हणून अहवाल लिहायचा.

आणि आपलं गाव ऐन गर्सा नकाशावर लालभडक! का? तर संशयास्पद काही दिसलं की कळवा म्हणून सरकारने एक नंबर दिलाय, त्या नंबरावर आपल्या गावातून कधी एकही फोन गेला नाही. कर्नल म्हणाले, “तुमच्या गावाच्या तोंडाला कुलूप आहे.” मी म्हटलं, “कर्नलसाहेब, कुलूप कसलं, आमच्या गावाच्या तोंडाला साधं झाकणसुद्धा नाही. फक्त आम्ही परक्याच्या कानात बोलत नाही.” मग मी त्यांना आपली रीत सांगितली. कुणाविरुद्ध काही असलं तर आधी त्याच्या घरी जायचं, दाराबाहेर उभं राहून त्याच्या थोरल्या माणसाला तोंडावर सांगायचं आणि त्यांना सावरायला थोडा वेळ द्यायचा. वेळ न देता जो थेट कचेरीत जातो, त्याच्या घरचं पाणी कुणी पीत नाही. अब्बांची शेळी चोरीला गेली तेव्हा ते चोराच्या म्हाताऱ्या आईसमोर जाऊन उभे राहिले होते, आठवतं? शेळी परत आली, वर तिच्या हातचा डबाभर मध आला. कर्नल म्हणाले, “शेळीचं ठीक आहे हो, बंदुकीचं काय?” त्या माणसाचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला आजही मान्य आहे.

आता मुद्द्याचं. त्या धोरणात एक परतीचं कलम आहे. ज्याच्या हाताला रक्त लागलेलं नाही आणि जो आपल्या पायांनी खाली येतो, त्याचा खटला उघडपणे, शिक्षा कमी आणि सुटल्यावर काम. कागदावर वाचलं की डोळे भरून येतात. पण यायचं कुणाकडे? मी स्वतः विचारत फिरले. लष्कर म्हणतं पोलिसांकडे. पोलीस म्हणतात आधी कोर्टाचा कागद आणा. कोर्ट म्हणतं, माणूस समोर असल्याशिवाय कागद कुणाच्या नावाचा काढू? डोंगरावरून हात वर करून उतरणाऱ्या पोराने आधी कोणत्या रांगेत उभं राहायचं हे कुणाला सांगता येईना. म्हणून आजपर्यंत एकही जण आला नाही. आणि एकही जण आला नाही, म्हणून ते कलम निरुपयोगी ठरलं. पुढच्या गुरुवारी अहवालावर सह्या आहेत. पाचातले तिघे म्हणतात, काढून टाका. ते गेलं की डोंगरावर जो कोणी असेल त्याला खाली यायला एकच वाट राहील, आणि त्या वाटेने माणूस चादरीत गुंडाळून येतो.

डोंगरावर जो कोणी असेल, असं मी लिहिलंय. मोठ्या कारवाईनंतर लष्कराचे लोक तुझ्याकडे येऊन “बहुतेक मेला” म्हणून गेले, तेव्हा मी धावत आले होते. तू चूल सारवत होतीस. मला म्हणालीस, “बहुतेक मेलेल्याचा चाळिसावा करत नाहीत.” आणि खरोखरच केला नाहीस. डोंगरावरच्याची आई म्हणून दर सोमवारी ठाण्यात जाऊन हजेरीची सही मात्र करत राहिलीस. सगळे म्हणाले, आईची वेडी आशा. मीही तेच म्हणाले. मनातून मी त्याला केव्हाच मातीत घातला होता. तसं करणं सोपं होतं, मला रोज कचेरीत जायचं होतं.

मला त्याचा राग येतो, मबरूका, हे एकदा सांगून टाकू दे. तो माझा लाडका होता म्हणून जास्तच येतो. दाताने चिलगोजे फोडून तोंड काळं करून घ्यायचा आणि मुठीतले सोललेले दाणे माझ्या पर्समध्ये कोंबायचा, “राजधानीवाली मावशी, बसमध्ये खा.” बाप गेल्यावर तुझ्या पाठीशी उभं राहायचं वय झालं, तेव्हा मेंढ्यांच्या बाजाराला जातो सांगून निघून गेला. शिकला नाही, काम नव्हतं, ठाण्यात एकदा थोबाडीत खाल्ली, सगळं कबूल. त्याच्याबरोबरीच्या कितीतरी पोरांना हेच सगळं सोसावं लागलं, ती कुणाच्या जिवावर उठली नाहीत. समोर आला तर आधी कानाखाली वाजवीन आणि मग जेवायला वाढीन. दोन्ही मनापासून.

परवा दुपारी शाद्लिया आणि मी कुसकुशीसाठी भाज्या चिरत होतो. इथल्या दुकानातलं वाळवलेल्या मटणाचं कद्दीद मी भिजत घातलं होतं, तर ती नाक मुरडून म्हणाली, “हे मटण आहे की चपलेचा तळवा?” मी म्हटलं, मबरूकाच्या हातचं असतं तर! ती म्हणाली, “मागायचं होतंस. पण यंदा तुझ्या बहिणीचा हात आखडलाय हो.” मला काही कळलं नाही. मग ती गाजर चिरता चिरता बोलायला लागली. आपल्या आईची रीत तू सोडलेली नाहीस हे मला माहीत होतं. ईदच्या मेंढ्यातला घराबाहेर असलेल्याचा वाटा खारवून, वाळवून तेलात ठेवायचा आणि मोहरमातल्या आशूराच्या दिवसापर्यंत तो माणूस आला नाही तर शेजारी द्यायचा. वजदी गेल्यापासून दरवर्षी त्याचा वाटा तू शाद्लियाच्या घरी देत आलीस. मनूबियाचा पाय गेला त्या वर्षीसुद्धा दिलास आणि त्या वर्षीसुद्धा तिने तो घेतला, हे मला माहीत नव्हतं. “काय करणार,” म्हणाली, “मटणावर कशाला राग काढायचा?” आणि यंदा आशूरा होऊन गेला तरी तुझी बरणी काही आली नाही. “वाटा ज्याचा त्याला पोचला वाटतं,” असं म्हणून तिने गाजर पातेल्यात टाकलं.

मी हसले. मग माझा हात थांबला. म्हटलं, “अगं, मांजराने खाल्लं असेल.” तिने मान वर केली नाही. “खाल्लं ना. डोंगरावरून येणारं मांजर आहे. भिंतीवरून उतरताना डावा पाय आधी टाकतं आणि मग तोंडाने ‘या अल्ला’ म्हणतं. त्याला मी न्हाऊ घातलंय, रफीका. मबरूकाची नि माझी भिंत एकच आहे.” आनंद झाला का भीती वाटली ते आजही सांगता येणार नाही. पोर जिवंत आहे, एवढंच डोक्यात घुमत होतं. आणि समोर बसली होती ती बाई, जिची सून रोझमेरी गोळा करायला डोंगराच्या पायथ्याशी गेली आणि कुणीतरी पुरून ठेवलेल्या सुरुंगाने एका पायानिशी परत आली.

मी विचारलं, ठाण्यात सांगितलंस? ती भडकलीच. “मला काय समजलीस? नंबर फिरवला नाही, ठाण्याची पायरी चढले नाही. त्याचा बाप नाही, आजा नाही, तुमच्या घरात थोरली तू. तुझ्या दारात येऊन तुला तोंडावर सांगतेय. सुनेच्या पायाचं निमित्त होतं, नाहीतर नुसतं हे सांगायलाही आले असते.” आणि मग खालच्या आवाजात, “बदामाला फूल येईपर्यंत थांबेन. त्यापुढे ठाणं गाठीन, सुनेच्या गेलेल्या पायालाही मला तोंड दाखवायचंय.” सगळा नकाशा लाल करून आम्ही बसलो होतो आणि गावाचा निरोप माझ्या चुलीशी गाजर चिरत होता. कर्नलना हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण अजून सांगता येत नाही.

तुझ्यावर रागावू की नको ते मला ठरवता येत नाहीये. रात्री भिंतीवरून उतरणाऱ्या आपल्या लेकराला कोण उपाशी परत पाठवेल? मी तुझ्या जागी असते तर मीही वाढलंच असतं. पण तू वाढतेस ते त्याच्या बरोबरच्यांच्याही पोटात जातं गं. ज्यांनी तो सुरुंग पुरला त्यांच्याही. आणि तो पुरताना वजदी तिथे होता का नव्हता, हे तू त्याला विचारलेलं नाहीस, याची मी पैज लावते. मीही विचारलं नसतं. उत्तर ऐकायची छाती कुणाची आहे?

शाद्लियाची आहे. तिला मी परतीच्या कलमाचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्याला आधी माझ्या घरी येऊ दे. मनूबियासमोर बसू दे आणि मी विचारीन त्याचं उत्तर देऊ दे. हो म्हणाला तर हो. नाही म्हणाला तर नाही. दोन्हीत मी त्याच्या पुढे चालत ठाण्यापर्यंत येईन. जिच्या सुनेचा पाय गेला ती पुढे असताना कोण गोळी घालतो बघू. पण खोटं बोलला तर मला कळेल, आणि मग मी बाजूला होईन.” मनूबिया आतल्या खोलीतून म्हणाली, “आई, मला विचारलंत का?” शाद्लिया उठून तिच्या दाराशी गेली. मग मनूबिया म्हणाली, “येऊ दे. पण मी त्याला चहा देणार नाही.”

मग मी तिजानीसाहेबांकडे गेले. अंगणात लिंबाला पाणी घालत होते. मी म्हटलं, समजा एखादा माणूस खाली यायला तयार असेल. ते म्हणाले, “बाई, कायद्यात हा ‘समजा’ नावाचा माणूस फार फिरतो. आजवर मला कधी भेटला मात्र नाही.” मग पाण्याचा नळ बंद केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. नाव विचारलं नाही. म्हणाले, गुरुवारच्या आत एक जरी माणूस आला तर ते कलम काढायला कुणाचा हात उठणार नाही, आणि मग त्याच्यामागून आणखीही येतील. मी स्वतः माझ्या गाडीने तुमच्या गावी येतो, ठाण्यात माझ्यासमोर ताब्यात देऊ, वकील मी आणतो. मी विचारलं, ठाण्यात मारहाण करतील का? म्हातारा खोटं बोलला नाही. म्हणाला, “मारणार नाहीत अशी हमी मी देत नाही. दर आठवड्याला जाऊन त्याचं तोंड बघेन, ही देतो.” तुरुंग होणार, मबरूका. हाताला रक्त नसलं तरी पुष्कळ वर्षं होणार. असलं तर कलमाचा आधारही नाही, जन्म आत जाईल. ज्या कलमाला मी स्वतः लाल रंग दिला, त्याच्याच भरवशावर तुझा मुलगा मागतेय. याहून चांगलं काही माझ्याकडे असतं तर मी तेच घेऊन आले असते.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. शाद्लियाच्या हाती दिलंय. तू वाचत असशील तेव्हा ती तुझ्यासमोर बसलेली असेल आणि मनूबिया दाराशी उभी असेल, आपल्या नव्या पायावर. वाचून झालं की त्यांच्याकडे बघ, माझ्या अक्षराकडे बघू नकोस. त्या तुझ्याकडे भांडायला आलेल्या नाहीत, तुला ठाण्यापर्यंत सोबत करायला आल्यात. बुधवारी सकाळी मी आणि तिजानीसाहेब गावात पोचतो. तोवर त्याच्याशी बोल. विचारायचं ते विचार. रड, त्याला मार, पाया पड, काय वाटेल ते कर, पण त्याला खाली आण. आणि तू आणला नाहीस, तर त्याच दिवशी मी स्वतः ठाण्यात जाऊन सगळं सांगणार आहे. हे आधी तुला सांगायचं होतं, एवढ्यासाठीच लिहायला बसले. मग मला बहीण म्हणू नकोस, माझ्या नावाने बोटं मोड, मी मेल्यावर मातीलाही येऊ नकोस. तो तुरुंगात जिवंत असला तर तुला जन्मभर माझा राग करता येईल. तो मेला, तर आपल्याला एकमेकींचा रागसुद्धा करता येणार नाही.

तुझ्या सगळ्या शिव्या ऐकायला तयार असलेली,
तुझीच,
रफीका